फोडणी ऐकणारा माणूस

फोडणी टाकताना कुणी बोललेलं काकांना चालत नसे. कढईत तेल तापायला लागलं की ते डावा हात वर करायचे, वर्ग गप्प करणाऱ्या मास्तरांसारखा, आणि तो हात खाली येईपर्यंत खोलीतल्या माणसाने खोकायचंसुद्धा नाही. शेजारचा रेडिओ मोठा झाला तर भिंतीवर लाटणं आपटायचे. मोहरी आधी सुटी सुटी बोलायची, मग तिचा गलका व्हायचा, आणि तो गलका ओसरायला लागला की काका जिरं टाकायचे.

"मोहरी म्हणजे नळावरच्या बायका," म्हणायचे. "जिरं म्हणजे त्यांच्यातली नवी सून. तिच्याकडे कान द्यावा लागतो."

त्या वेळी चिंचवड स्टेशनमागच्या आमच्या चाळीत घरोघरी पंपाचे स्टोव्ह फरफरत असत. काकांकडे वातीचा होता. त्यावर चहाचं आधण यायला इतका वेळ लागे की माझी पहिली शिफ्ट दोनदा चुकता चुकता राहिली. मी एकदा म्हणालो, "काका, पंपाचा घेऊ या की."

"मिलिटरीच्या ट्रकशेजारी बसून गाणं ऐकतोस का कधी?" ते म्हणाले. विषय संपला.

दाणे भाजताना ते कढईवर कान कलता धरायचे. सालं तडकायला लागली की खाली उतरवायचे. आमटी पातळ असताना खळखळते आणि दाटली की डबडबते, हे मला त्यांनी शिकवलं. भाकरी फुगली की तिला टिचकी मारून आवाज बघायचे, कुंभार मडकं बघतो तसा. कंपनीतले लोक म्हणत, म्हातारा एकटा राहून सरकला आहे. मीही तेच म्हणत असे. पण जेवायला बसलो की बोलणं बंद व्हायचं. चुक्याची पातळ भाजी, कांद्याच्या पातीचा झुणका, भरली वांगी, साधं वरण. आईच्या हातचं मी दिवाळीला खायचो. रोजचं, चवीचं, पोटाला बरं वाटणारं जेवण मला या अविवाहित, तिरसट माणसाने घातलं. हे आधी लिहून ठेवतो. पुढे जे लिहायचं आहे ते लिहिताना माझा हात थांबू नये म्हणून.

मी तेव्हा नुकताच बी.एस्सी. होऊन पिंपरीतल्या एका रसायनांच्या कंपनीत लागलो होतो. शिफ्टचा सुपरवायझर म्हणत, पण अजून कायम झालो नव्हतो. काका त्याच सेक्शनला जुने ऑपरेटर. चाळीतली त्यांची खोली कंपनीने दिलेली होती, आणि तिच्यात एक कॉट माझी. सेक्शनमध्ये ते मला 'साहेब, तुम्ही' म्हणत, आणि खोलीत आलं की 'अरे, तू.' कॉलर काढून खुंटीला टांगावी तसा तो 'साहेब' ते दारातच काढून ठेवायचे.

कंपनीत काकांचा मान होता तो त्यांच्या नाकासाठी. आमच्याकडे एक सॉल्व्हंट वापरायचे. दिसायला पाण्यासारखं, वास गोडसर, आणि बंद जागेत साठलं की माणूस उभ्याचा आडवा. गळती ओळखायला तेव्हा कसली यंत्रं? प्रत्येक शिफ्टला एक अनुभवी माणूस पाइपांच्या सांध्यासांध्यापाशी जाऊन हुंगायचा. आमच्या शिफ्टचं नाक म्हणजे काका. त्याचा त्यांना भारी ताठा. चाळीत संध्याकाळी जिन्यात उभे राहून जाहीर करायचे, "आज कुलकर्ण्यांकडे शेपू आहे." बायका थक्क. मी मात्र एकदा पाहिलं होतं. वर येता येता त्यांनी कुलकर्ण्यांच्या कचऱ्याच्या डब्यात वाकून बघितलं होतं. तेव्हा हसलो होतो. अर्थ लागला नव्हता.

मला ते सारखी परीक्षा द्यायला लावत. दुधाचं पातेलं माझ्या नाकाखाली धरायचं. "ओळख बघू, कालचं की आजचं?" डाळीचा डबा उघडायचा. "कुबट आहे का? नीट हुंग. तुम्हा शिकलेल्या पोरांना नाकं असतात, वापरत नाही." मी ऐटीत उत्तर द्यायचो आणि ते मान डोलवायचे. मला वाटे, म्हातारा मला तयार करतोय.

मग तो रॉकेलचा दिवस आला.

रॉकेल आणि गोडेतेल दोन्ही त्या दिवसांत रांगेत उभं राहून मिळायचं. दोन्हीला त्याच रिकाम्या बाटल्या, वर कागदाच्या बोळ्याचं बूच. काकांनी रॉकेलच्या बाटलीच्या गळ्याला सुतळी बांधलेली असे. एका रविवारी तेल आणायला मी गेलो. सुतळी तुटून पडली असावी, किंवा मी बघितलंच नसावं, पण मी गोडेतेल आणलं ते रॉकेलच्या बाटलीत. काकांनी बटाट्याच्या काचऱ्या केल्या. मी बाहेर कपडे वाळत घालत होतो. आत येऊन बसलो, पहिला घास तोंडात घातला. नुसतं रॉकेल. घास हातात काढून घेतला.

समोर काका निवांत जेवत होते. काचऱ्या पुन्हा वाढून घेतल्या होत्या.

"काय रे? मीठ जास्त झालं?"

"काका, रॉकेल आहे यात."

त्यांचा हात ताटातच राहिला. मग त्यांनी ताट उचललं, नाकाशी नेलं, डोळे मिटले, खूप वेळ हुंगल्यासारखं केलं आणि म्हणाले, "हां. आहे खरं थोडंसं."

थोडंसं नव्हतं. दारात उभं राहिलं तरी येत होतं. त्यांनी ताट खाली ठेवलं.

"दार लाव," ते म्हणाले.

कंपनी नवी असताना ते ड्रम धुवायच्या कामाला होते. दिवसभर ड्रममध्ये डोकं घालून. "एके दिवशी घरी आलो. बहीण आलेली होती, आंबेमोहोर शिजत होता, पातेल्यातून वाफ येत होती, आणि घरात काहीच नव्हतं. तिला म्हटलं, अगं, तांदूळ कुठला आणलास? ती माझ्याकडे बघायला लागली." खारट कळतं, आंबट, तिखट कळतं, बाकी सगळं ओला पुठ्ठा, असं म्हणाले. त्यानंतर ते कानाने स्वयंपाक शिकले.

"आणि कंपनीत?"

त्यांनी खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून दाढीचा ब्रश काढला. तो ब्रश सगळ्या सेक्शनला माहीत होता. म्हातारा ड्यूटीवर दाढी करतो म्हणून पोरं टिंगल करायची. "सांध्याला साबणाचा फेस लावायचा. गळत असेल तर बुडबुडे धरतो. आडोसा बघून करतो. नाकाला सर्दी होते रे, फेसाला होत नाही."

"पण सांगून का टाकत नाही?"

"कुणाला सांगू? नाक नसलेल्या माणसाला सॉल्व्हंटला कोण ठेवेल? हातात झाडू देतील, नाहीतर घरी बसवतील. मग ही खोली गेली. या वयात जाऊ कुठे?" आणि मग, आयुष्यात कधी न वापरलेल्या आवाजात म्हणाले, "तुझ्या तोंडून हे निघता कामा नये."

"नाही निघणार," मी म्हणालो. शपथ घ्यायला त्यांनी सांगितलं नव्हतं, मीच घेतली.

पुढचे काही महिने आमचं छान जमलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते राउंडला निघायच्या आधी मी सहज फिरल्यासारखा फिरून यायचो. काही असलं तर डोळ्याने खुणवायचो. पण खरं सांगायचं तर मी बिघडत गेलो. आधी मला जे पानात पडेल ते चालायचं. आता मी आल्या आल्या म्हणायला लागलो, "आज पिठलं नको हं." आणि ते गुपचूप पिठाचा डबा बंद करून वांगी चिरायला घ्यायचे. खोलीत विडी-सिगारेट त्यांना खपत नसे. ते नळावर गेले की मी कॉटवर पडून सिगारेट ओढायला लागलो. धुराकडे बघितलं नाही तर त्यांना कळणार कसं? शेजारच्या बाईंनी एकदा नाकाला पदर लावून विचारलं, "काका, तुमच्या खोलीत सिगारेट?" ते म्हणाले, "पाहुणा आला होता." म्हणजे त्यांना समजलं. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलायची त्यांची सोय मी ठेवली नव्हती.

त्या सेक्शनला सोपान नावाचा फिटर होता. चाकणकडचा, घरचा कांदा. माझ्याच वयाचा, दोन लेकरांचा बाप. काकांशी त्याची थट्टा चालायची. गावाहून येताना कांद्याची पात घेऊन यायचा आणि म्हणायचा, "काका, ऐकून बघा, ताजी हाय का." काका जुडी कानाशी धरून म्हणायचे, "म्हणते, सोपान्या चोर आहे, भावाच्या वाफ्यातली काढलीय." सगळे हसायचे.

तर एका दुपारी, दुसरी शिफ्ट नुकतीच लागली होती. काका माझ्याकडे आले.

"साहेब, कोपऱ्यातल्या पंपाजवळचा सांधा बुडबुडे धरतोय. गॅस्केट बदलायला हवं."

"उद्या सकाळी बघू. बॅच निघायचीय."

"उद्या नको. लाइन थांबवा."

लाइन थांबवायची म्हणजे मोठ्या साहेबांना उत्तर द्यायचं. मला कायम करायचं की नाही हे त्याच महिन्यात ठरणार होतं. मी त्या सांध्यापाशी जाऊन हुंगलं. वास होता. अगदी पुसट, पण होता. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

"मला तर काही येत नाही," मी म्हणालो.

"फेस बघा ना तुम्ही. लावून दाखवतो."

तेवढ्यात पाना घ्यायला सोपान आत आला. काका गप्प झाले. आणि मी त्याच्यादेखत, मोठ्याने, काकांना विचारलं, "सांगा ना काका, तुम्हाला येतोय का वास?"

ते माझ्याकडे बघत राहिले. काय विचारतोय ते दोघांनाच माहीत होतं. येतोय म्हणाले असते तरी पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार आहे, हे त्यांनी ओळखलं असणार. त्यांनी ब्रश खिशात टाकला आणि निघून गेले. सोपान म्हणाला, "काय झालं राव काकांना?" मी म्हणालो, "वय झालं."

दुसऱ्या दिवशी त्याच पंपाशी सोपान कोसळला. रात्रीतून सांधा आणखी उघडला होता. मी आणि काकांनी त्याच्या बगलांत हात घालून त्याला बाहेर ओढलं. त्याचे डोळे वर गेले होते, ओठ निळे पडले होते. काका अंगणात गुडघ्यावर बसून त्याच्या छातीला कान लावून होते आणि भोवतीच्या गर्दीवर ओरडत होते, "गप्प बसा! बोलू नका कुणी!" मग म्हणाले, "चालू आहे. उचला."

सोपान वाचला. पण महिनाभर हॉस्पिटलात काढून आला तो धाप घेऊनच. जिना चढताना मध्ये थांबायचा, थंडीत बोलताना थांबायचा. फिटरचं काम सुटलं, स्टोअरला बसवला.

चौकशी अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी झाली. मोठ्या साहेबांची केबिन. कंपनीचे डॉक्टर, काका, मी. साहेब काकांना म्हणाले, "आदल्या दिवशी राउंड तुमचा होता. वास आला नाही?"

"मी सांगितलं होतं, साहेब."

"कुणाला?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. बोट दाखवलं नाही, नाव घेतलं नाही. मला बोलायला जागा दिली. मला आजही वाटतं, मी नुसता हो म्हणालो असतो तर ते पुढे मलाच सांभाळून घेऊन बोलले असते.

मी म्हणालो, "साहेब, काकांना वासच येत नाही. कित्येक वर्षं."

यातला शब्दन् शब्द खरा होता.

डॉक्टरांनी दोन कापसाचे बोळे मागवले. एक पाण्यात बुडवलेला, एक सॉल्व्हंटमध्ये. काकांना डोळे मिटायला लावले. पहिला बोळा नाकाशी आला तेव्हा काकांनी मान किंचित पुढे केली, वरचा ओठ कापसाला लावला. सॉल्व्हंट गार लागतं. "हे सॉल्व्हंट," ते म्हणाले. बरोबर होतं. मोठे साहेब माझ्याकडे बघायला लागले. खोटं लिहीत नाही, त्या क्षणी ते हरावेत असं मला वाटलं. मग डॉक्टरांनीच ते पकडलं. म्हणाले, "स्पर्श करायचा नाही. नुसतं हुंगून सांगा." बोळा चिमट्यात धरून लांब ठेवला. काका डोळे मिटून उभे. पंखा फिरत होता. ते नाकाने हवा ओढत होते, पुन्हा पुन्हा, नाकपुड्या फुगवून, जसं काही आज तरी वास येईल. मग त्यांनी डोळे उघडले.

"राहू द्या, साहेब. तो म्हणतोय ते खरं आहे."

त्यानंतर 'मी सांगितलं होतं' याला काय किंमत राहणार? इतकी वर्षं नाकाबद्दल खोटं बोलणारा माणूस.

संध्याकाळी मी खोलीवर जाईन की नाही हे माझंच मला ठरत नव्हतं. गेलो. दोन ताटं मांडली होती. भाकरी, मुगाचं वरण, मेथी. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हात धू." आम्ही जेवलो. ताटं उचलायच्या आधी त्यांनी विचारलं, आवाज अगदी साधा,

"मी सांगितलं होतं ना तुला? आदल्या दिवशी?"

दार बंद होतं. आत आम्ही दोघंच. हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. पण एकदा हो म्हटलं की ते बाहेर जाईल, साहेबांपर्यंत जाईल, अशी मला भीती वाटली.

"आठवत नाही, काका," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. दोन-तीनदा. जणू त्यांनाही आता नक्की आठवेना.

त्यांनी राजीनामा दिला आणि देहूरोडला विधवा बहिणीकडे राहायला गेले. मी कायम झालो. खोली माझ्या नावावर झाली. त्याच खोलीत मी लग्न करून बायको आणली आणि पहिल्याच आठवड्यात पंपाचा स्टोव्ह घेतला.

काका एकदा सोपानच्या गावी गेल्याचं मला सोपानकडूनच कळलं. देहूरोडहून एसटी बदलत, हातात डबा. साजूक तूप घातलेली खिचडी, धाप लागणाऱ्या माणसाला हलकं म्हणून. सोपानने ओट्यावरूनच परत पाठवलं. "म्हनलं, डबा म्हशीला घाला. म्या सोताच्या कानानं ऐकलं न्हवं का, सायबांनी इचारलं, वास येतोय का, आन् हे गप. एका शबुदानं सांगितलं असतं तर मी पंपाकडं गेलो असतो व्हय?" हे तो स्टोअरच्या खिडकीत चारचौघांना सांगत होता. मी माल घ्यायला उभा होतो. तो मला म्हणाला, "बरं झालं साहेब तुमी बोलला. न्हायतर म्हाताऱ्यानं आनखी कुनाला मारला असता." मी माल घेतला आणि आलो.

अशी आठ-दहा वर्षं गेली. काका गेले हे मला कंपनीच्या बसमध्ये समजलं. पुढच्या सीटवरच्या दोघांचं बोलणं चाललं होतं. माझ्या शेजारी सोपान बसला होता. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "सुटला म्हातारा." मग थोड्या वेळाने, "पात मातुर झ्याक करायचा."

का ते सांगता येत नाही, पण मी बोलायला लागलो. सगळं. फेस, गॅस्केट, मला आलेला तो पुसट वास. बस निगडीला पोचली तरी मी बोलतच होतो. सोपान माझ्याकडे बघत नव्हता. त्याचा श्वास ऐकू येत होता तेवढा. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तुमी मला साहेब, दिवाळीला घरी बोलवत हुता," तो शेवटी म्हणाला. "मी येत हुतो. लेकरं घेऊन."

तो माझ्याकडे वळला.

"बहीन हाय न्हवं त्यांची? चला. आत्ता."

"आत्ता नको, सोपान, रविवारी..."

"उद्या बघू म्हनताय व्हय?" तो उठून उभा राहिला आणि त्याने ड्रायव्हरला थांबायला हाक मारली.

देहूरोडला बाजारामागच्या गल्लीत घर सापडलं. काकांची बहीण दारात बसून मेथी निवडत होती. सोपानने नमस्कार केला, नाव सांगितलं. तिने मान वर केली, त्याच्या छातीकडे बघितलं, म्हणाली, "बरं आहे का आता?" मग माझ्याकडे वळली. मी नाव सांगितलं. तिला माहीत होतं.

"बसा," म्हणाली. आम्ही उभेच राहिलो.

"त्याने सांगितलं होतं का तुम्हाला?" तिने विचारलं. काय ते बोलली नाही. "शेवटी शेवटी सारखा विचारायचा. जेवता जेवता थांबायचा. मी सांगितलं होतं ना गं? मी सांगितलं होतं ना? आता मी काय तिथे होते? मला काय माहीत? पण त्याच्याने जेववेना, म्हणून मी म्हणायचे, हो रे, सांगितलं होतंस. मग घास घ्यायचा."

सोपान माझ्याकडे बघत होता.

"हो," मी म्हणालो. "सांगितलं होतं. आदल्या दिवशी, दुपारी. मला. लाइन थांबवा म्हणाले होते. मी थांबवली नाही."

तिचे हात मेथीवर थांबले. मी रडण्याची, शिव्यांची वाट बघत उभा राहिलो. तिने एक काडी उचलली, पानं खुडली, देठ बाजूला टाकलं.

"म्हणजे मी त्याच्याशी खोटं नाही बोलले," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा सैल झाला.